पुन्हा विचारायची मुभा

आप्पा,

आज वर्गात राज्यघटना शिकवताना तुमची आठवण आली, आणि तुमच्या मागोमाग नेहमीसारखी तीही आली. तुम्हाला एकट्याला आठवायची सोय तुम्ही मला ठेवलीच नाहीत. बाजारकुणंगच्या बाजूच्या कुणबीवाड्यातून रान तुडवत शाळेला येणारी, एक कविता धड पाठ न येणारी ती. मी मास्तरांची मुलगी, सगळं घडाघडा म्हणून दाखवणारी. आणि तुमचा जीव मात्र तिच्यात.

त्या वर्षी गावात तापाची साथ होती. मुलींना शाळेत बसवल्यामुळे देव कोपला, असं कुणीतरी म्हणालं आणि थोरांनी ठरवलं, देवालाच कौल लावू. सकाळी देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर मुलींनी शाळेत बसावं, डावी पडली तर घरी. डावी पडली. मी आईच्या पदरात तोंड खुपसून रडले. माझी शाळा संपली, एवढंच मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या पायरीखाली उभी आहे. आत यायची बंदी, म्हणून बाहेरूनच विचारते आहे, "गुरुजी, सकाळचं ऊन देवाच्या डाव्या अंगाला पडतंय न्हवं? मग ती पाकळी आदी वाळणारच की. देवाला बोलाय सवड कुठं गावली?"

तुम्ही हातातला खडू खाली ठेवलात आणि मोठ्याने हसलात. "हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, पोरी," म्हणालात. आप्पा, हे वाक्य तुम्ही मला उभ्या जन्मात म्हणाला नाहीत. मला शाबासकी मिळायची. शाबासकीचं काय, ती बैलालाही मिळते.

मग तुम्ही अंगणात एक दगड रोवलात. कधी आडोसा धरून, कधी उन्हात, पाकळ्या चिकटवून आम्ही बघत बसायचो. ऊन लागलेली पाकळी आधी पडायची. तुम्ही थोरांनाही बोलावून दाखवलंत. त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्याने दगडाला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "मास्तर, देव न्हाई चुकला. इचारायची येळ आमची चुकली." सांजेला सावलीत पुन्हा कौल लावला, तेव्हा उजवी पडली आणि आम्ही दोघी परत वर्गात बसलो. ती पुढे, मी तिच्या मागे.

त्याच सुमारास टपालाने आलेलं वर्तमानपत्र तुम्ही वर्गात वाचून दाखवलंत. कुठल्याशा दूरच्या देशाने राजाला घालवून आपला कायदा आपणच लिहिला होता आणि त्यात शास्त्र, म्हणजे आजचं विज्ञान, मोकळं असेल, ते शिकवणंही मोकळं असेल, असं कलम घातलं होतं. तुम्ही म्हणालात, "इतकी वर्षं राजा म्हणायचा, मला देवाने नेमलंय, विचारू नका. शास्त्राने माणसाला विचारायची खोड लावली. आता माणसं म्हणतायत, आम्ही लिहू, तपासू, चुकलं तर बदलू." आम्हाला फारसं कळलं नाही. तुम्ही मात्र सांगताना तिच्याकडे बघत होतात, ते मला चांगलंच कळलं.

आपल्या देशाची घटना व्हायच्या कितीतरी आधी तुम्ही गेलात. या घटनेत समता आहे, विचारांचं स्वातंत्र्य आहे, आणि लिहिणाऱ्यांनी आपणही चुकू शकतो हे धरून दुरुस्तीची वाटसुद्धा ठेवली आहे. हे माझ्या बापाने मला रानातल्या शाळेत शिकवलं, असं मुलांना ऐटीत सांगावंसं वाटतं. पण सांगायला गेलं की उदाहरण तिच्याच पाकळीचं द्यावं लागतं. अजून जळते मी, आप्पा. वय झालं, पण हे काही जात नाही.

पहिल्या मतदानाला जोयड्याला गेले, तर रांगेत ती माझ्या पुढेच. इथेही पुढेच. केस पिकायला लागलेले, हात शेतीने रापलेले. तुमच्याबद्दल पुष्कळ बोलली. मग म्हणाली, "तुजा मला लई राग यायचा बग."

"माझा? सगळं कौतुक तर तुझंच व्हायचं."

"व्हय, वर्गात. तुमच्या घरी आलं की पानी वसरीवर, वरनं ओंजळीत वतायचे गुरुजी. तू त्येंच्या ताटाशेजारी जेवायचीस. एकदा तरी तुमच्या चुलीम्होरं बसावं वाटायचं. पन कुनी आत बोलावलं न्हाई."

रांग पुढे सरकली आणि ती मत द्यायला आत गेली. आप्पा, देवाच्या पाकळीला तुम्ही उन्हात धरून तपासलंत, आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला कधी का नाही तपासलंत? आईचं सोवळं होतं म्हणाल. पण घरात तुमच्या शब्दापुढे आईचा शब्द कधी गेला होता?

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. तुम्ही असतात तरी पाठवलं नसतं. तिचं बोलणं ऐकून मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण ती नंतर. आधी आनंद झाला, की तुमच्याजवळचं काहीतरी असं होतं, जे फक्त मला मिळालं.