पाच वर्षांच्या आत

१२ फेब्रुवारी, मंगळवार

सर्वेक्षणाची सत्तावीस घरं झाली. तीन राहिली. पाय आहेत की ओंडके!

कमाई विचारायची नाही, अशी या वेळी सक्त ताकीद. पैशांवरून गरिबी पुरती कळत नाही म्हणे — खरंच आहे ते. नळ आहे का, संडास आहे का, मुलं शाळेत जातात का, स्वयंपाक कशावर होतो, घरात मूल दगावलंय का. असे दहा प्रश्न. एक तृतीयांश उणं निघालं की घर गरीब. देशभर हेच माप. प्रशिक्षणात मला इतकं पटलं होतं, की मी टाळ्या वाजवल्या होत्या.

नणंद म्हणाली, "लोकांची भांडी बघत हिंडतेस, आपली कधी घासणार?" घासली.

१३ फेब्रुवारी

आणखी दोन घरं. तीसपैकी दहा गरीब निघाली, तर वस्ती गरीब वस्त्यांच्या यादीत राहणार आणि तिथला मोफत दवाखाना चालू राहणार. नाहीतर बंद. हे आम्हाला कळायला नको होतं, पण कळलंच.

आतापर्यंत नऊ.

१४ फेब्रुवारी

शेवटचं घर, इस्त्रीवालीचं. एकच खोली. बाई उभ्यानंच बोलत होती, हात थांबत नव्हता. नवरा खाटेवर. दोन वर्षं झाली, छाती धरलीय. औषध त्याच दवाखान्यातलं.

"नळ आहे?"

"आहे की." पाणी आठवड्यातून एकदा, अर्धा तास. माझ्या फोनवरच्या अर्जात 'आहे' आणि 'नाही', एवढंच.

संडास? आहे! खड्डा भरलाय, म्हणून आत कोळशाची पोती. मुलगी शाळेत? जाते, सातवीत. मी तिच्याच पुस्तकातलं पान पुढं केलं. अक्षरांवर बोट फिरवत राहिली बिचारी. मी 'जाते'वर खूण केली. स्वयंपाक कोळशावर, छपराला पत्रा, जमीन मातीची. एवढ्यानं भागत नव्हतं.

मग तो प्रश्न. गेल्या पाच वर्षांत घरात कुणी मूल...

"मुलगा," ती म्हणाली. "नऊ वर्षांचा होता. ताप आला, तिसऱ्या दिवशी गेला. नऊ डिसेंबर. पाच वर्षं झाली की आता."

मी बोटांवर मोजलं. पाच वर्षं आणि दोन महिने.

तो धरला तर घर गरीब. नाही धरला तर नाही. मी तिला सगळं सांगितलं — दवाखान्याचंसुद्धा. सांगायला नको होतं. म्हटलं, "मार्च लिहू का? म्हणजे तो पाच वर्षांच्या आत येईल."

तेव्हा हात थांबला तिचा.

"म्हणजे तीन महिने जास्त जगला? कुठं होता तेवढे दिवस? कुणाकडं जेवत होता?"

मी फोन खाली घेतला.

"नाही ताई. माझ्याकडं त्याचं दुसरं काही राहिलेलं नाही. तारीख तरी राहू द्या."

खूण न करताच उठले. दारापर्यंत सोडायला आली, वर म्हणते, "उन्हाचं फिरता, डोक्यावर काहीतरी घ्या."

१५ फेब्रुवारी

साहेबांना विचारलं. त्यांना आम्ही 'दशांश' म्हणतो — साधं हवामान सांगायचं तरी दोन दशांश स्थळं लागतात त्यांना!

"बाई, पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं. रेघ कुठंतरी ओढावीच लागते."

"निदान शेरा लिहू?"

"शेऱ्याला रकाना नाही." मग हळूच म्हणाले, "सहा वर्षं केली असती, तर तुम्ही सहा वर्षं दोन महिन्यांचं मूल घेऊन आला असता."

बरोबर बोलले. तीच तर पंचाईत! माणूस दुष्ट असता तर भांडले असते कडाकडा. आता भांडू कुणाशी?

१६ फेब्रुवारी

अर्ज पाठवला नाही.

१८ फेब्रुवारी

मार्च लिहिलं. सकाळी, आंघोळीच्या आधी, एका बोटानं. पाठवूनही टाकलं.

दहा झाली. वस्ती राहिली यादीत. आनंद व्हायला हवा होता. तिनं 'नाही' म्हटलं होतं. स्पष्ट म्हटलं होतं. तिच्याकडं होतं ते एक, तेही मी तिच्या पाठीमागं उचललं — आणि मनाला समजावतेय की तिच्याच भल्यासाठी.

२६ फेब्रुवारी

फेरतपासणी! चिठ्ठ्या टाकून घरं निवडली, आणि निघालं नेमकं इस्त्रीवालीचं. शुक्रवारी तपासनीस जाणार, तेच दहा प्रश्न पुन्हा विचारणार. उत्तर जुळलं नाही की माझं सगळं काम बाद, नोकरी गेली, वस्तीही गेली. आणि जुळणार कसं? ती खरं सांगणार. तिनं खरंच सांगावं.

नणंदेला सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "आधी तिला जाऊन भेट, हातापाया पड!"

२७ फेब्रुवारी

गेले होते. तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. इस्त्रीचा ठक्‌ ठक्‌ आवाज येत होता. कुठल्या तोंडानं सांगू — तुमचा मुलगा मी तीन महिने जगवला, आता तुम्हीही तसंच म्हणा?

परत आले.

१ मार्च, शुक्रवार

तपासनीस दुपारीच आले. माझ्या टेबलाशी थांबले. मी सामान आवरून ठेवलं होतं.

म्हणाले, "सगळं जुळलं. मुलाचं विचारलं तर बाईनं लगेच सांगितलं — मार्च. मग विचारत होती, त्या ताईंना काही त्रास नाही ना होणार?"