अण्णांची ओळ

खुलताबाद,
ता. २ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांच्या सेवेशी,
सुकेशनीचा सप्रेम जयभीम. वि. वि. तुमच्या कानाला फोन पोचत नाही, रागावलेल्या कानाला तर मुळीच नाही. म्हणून हे पत्र.

शिराझ द्राक्षांचे घड काळेभोर झालेत. यंदाही रासायनिक औषधाचा थेंब नाही. बानाबाईंची मेंढरं मळ्यात बसवली होती, तेच खत. आपल्या वायनरीची पहिली लाल वाइन सगळी खपली. पण हे वेल तुम्ही माझ्यासोबत लावले आणि त्यांची वाइन होणार कळल्यापासून मळ्यात पाऊल टाकलं नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. तोडणीला या ना.

राग राहू द्या, पण उत्तर पाठवा.
तुमची,
सुकेशनी

*

छत्रपती संभाजीनगर,
ता. ७ फेब्रुवारी

चि. सुकेशनीस अनेक आशीर्वाद. घड चांगले आले, वाचून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पण रोज संध्याकाळी विहारात मुलं माझ्यामागून पंचशील म्हणतात. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. ते त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचं आणि वाइनसाठी द्राक्षं तोडायची, हे माझ्याच्यानं होणार नाही. आणि तू? टाकीतली चव तुला घ्यावीच लागत असेल. त्या विचारानं घास उतरत नाही.

आकाशरावांना जयभीम. वेळेवर जेवत जा. माया आहे तशीच आहे.
तुझे,
अण्णा

*

खुलताबाद,
ता. १३ फेब्रुवारी

ती. अण्णांस सप्रेम जयभीम.

चव घेते आणि थुंकते. या धंद्यात बहुतेक जण तसंच करतात. आकाश चिडवतो, की एवढी चांगली वाइन आणि मालकीणबाई नुसत्या चुळा भरतात! पण म्हणून शील सांभाळलं असं मी म्हणणार नाही. विकते तर मीच. नोकरी सोडून हे उभं केलंय, ते मी सोडणार नाही. मला तुमचा आशीर्वाद नको, तुम्ही हवे आहात.

विहिरीकडची ओळ तुम्ही एकट्यानं लावली होती. बाकी मळा तोडून झाला, ती तेवढी ठेवलीय. तिच्यातला एकही घड टाकीत जाणार नाही. सगळी द्राक्षं विहारातल्या मुलांना. मात्र पाखरं टपलीत. बानाबाई म्हणतात, की अण्णा लई हट्टी हायेत, पण वेल बघितल्याबिगर राहायचे नाय.

वाट बघते, एवढंच.
तुमची,
सुकेशनी

*

छत्रपती संभाजीनगर,
ता. २५ फेब्रुवारी

चि. सुकेशनीस आशीर्वाद.

मळ्यातून परतलो, पण बोटं अजून काळी आहेत. द्राक्षं विहारात वाटली. साल जाड, बिया फार; मुलांनी तोंडं वाकडी केली आणि टोपल्याही रिकाम्या केल्या. एकीनं विचारलं, की ही गुरुजींच्या मुलीच्या मळ्यातली का, आणि ती वाइन करते ते खरं का. दोन्हीला हो म्हणालो. मग रोजच्यासारखं पंचशील घेतलं.

तोडणीच्या दिवशी तुझ्याकडे जेवताना तू गप्प, मीही गप्प. आपल्या घरात बोलायचं ते टपालानंच! तर आता लिहितो. वायनरीच्या दारातून मी आत येणार नाही, वाइनला चांगलं म्हणणार नाही. तेवढं माझं मला सांभाळू दे. पण सगळा मळा मोकळा आणि मी एकटा आपली ओळ तोडतोय, हे मला फार लागलं.

ऑक्टोबरच्या छाटणीला येतो, चांगली कात्री काढून ठेव. पुढच्या तोडणीला सगळ्यांबरोबर तोडेन. घडांचं पुढं काय करायचं ते तुझं तू बघ. माझी ओळ वेगळी ठेवू नकोस, पोरी. बापाला पाहुणा करू नकोस.

तुझेच,
अण्णा