अकरा हजार जणांना गेलेला निरोप

प्रिय संकल्प,

पत्र फाडायचंच असेल तर आधी वाच, मग फाड. माझा नंबर तू केव्हाच ब्लॉक केलास, म्हणून हा कागद. तुझा बस्सी गावचा पत्ता कुठून मिळाला ते सांगते, मग हवं तेवढं चीड.

मी ग्राहकांना मेसेज पाठवणाऱ्या कंपनीत आहे. 'आमची सेवा कशी वाटली?' असं विचारून डोकं उठवतात ना, ते मेसेज माझेच. यादीत नाव, पत्ता, गाडी, सर्व्हिसची तारीख असे रकाने असतात. ते मेसेजमध्ये आपोआप बसतात आणि माणसाला वाटतं, कुणीतरी आठवणीनं विचारलं. गेल्या सोमवारी एका स्कूटर शोरूमची यादी आली. अकरा हजार नावं, आणि त्यात संकल्प बळवंत तायडे! सात वर्षांनी तुझं नाव दिसलं.

मी फक्त तुझ्यासाठी एक नवा रकाना केला. 'आई फार आजारी आहे, घरी ये. ताई.' पण घाईत घोटाळा झाला. ज्यांचा रकाना रिकामा असतो त्यांना एक ठरलेली ओळ जाते, तिच्याच जागी मी हे लिहून बसले. अकरा हजार जणांना गेलं रे! इथले हिंदी लोक विचारत सुटले, कौन आई, कहाँ से आई. मानसरोवर कॉलनीतल्या एका मराठी बाईंनी तर फोन करून आईची चौकशी केली. माझी नोकरी या महिन्यापुरतीच आहे. जाऊ दे. त्या उत्तरांच्या ढिगात तुझंही उत्तर सापडलं. 'बाबांना सांगितल्याचं तिनंच कबूल केलंय. मग कशाला येऊ?'

प्रताप नगरच्या रेल्वे भरतीच्या क्लासला दांडी मारून तू सांगानेरला कापडावर ठसे मारायला जायचास, हे फक्त तिला ठाऊक होतं. रोज तुझा डबा भरून बाबांशी खोटं बोलणारी बाई तुझं नाव सांगेल? बाबा गेले तेव्हाही तू आला नाहीस. तेव्हापासून ती मोबाइल उशाशी घेऊन झोपते, आवाज मोठा करून. आता डॉक्टरांनी तिला घरी पाठवलंय. किडन्या संपल्यात. दोन-चार दिवस, म्हणाले.

संकल्प, बाबांना मी सांगितलं. तुझ्या बाह्यांवरचा निळा रंग बघून मी एकदा तुझ्या मागोमाग सांगानेरला आले होते. तुझ्या क्लासपायी माझं कॉलेज थांबवलं होतं आणि तू क्लासलाच जात नव्हतास. माझं डोकं फिरलं. बाबा तुला घराबाहेर काढतील, असं वाटलं नव्हतं. काल मी आईला तुझ्या उत्तराबद्दल विचारलं. तू गेल्यावर एकदाच फोन केला होतास म्हणे, आणि तिनं सगळं स्वतःवर घेतलं. का, तर आपण गेल्यावर भाऊ-बहीण तरी एकमेकांना राहावीत. पण तू तिच्याबरोबर मलाही तोडलंस, आणि बाबांना मी सांगितल्याचं मी लपवूनच ठेवलं. मला माफ करू नकोस, कधीच नको. पण ती निर्दोष आहे आणि तिला आता वेळ नाही. हे पत्र आणणारा नीरज माझ्या ऑफिसातला आहे. तो गाडी चालू ठेवून दारात थांबलाय. चपला घाल आणि त्याच्या मागे बस.

तुझीच,
गौतमीताई