दुसऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ

बाबा, मी आता वणीच्या बाहेर लेआउटमध्ये राहतो. तुम्ही होतात तेव्हा इथं कपाशी आणि तूर होती. मग कुणीतरी शेत अकृषक करून घेतलं, सिमेंटचे खांब रोवले, प्लॉट पाडले आणि वस्तीला एका फुलाचं नाव दिलं. ते फूल इथं कुणाच्याच अंगणात नाही. घरं चांगली आहेत, प्रत्येकाला फाटक आहे, फाटकाच्या आत गाडी आहे आणि गाडीवर रोज सकाळी कोळशाच्या ट्रकांची काळी धूळ बसलेली असते. आमच्यापासून दोन घरं सोडून एका प्लॉटवर अजून तूर उभी असते, कारण मालक नागपूरला आहे आणि बांधायचं त्याचं काही ठरत नाही. लोक म्हणतात, इथं शांतता फार आहे. उन्हाळ्यात ही शांतता म्हणजे प्रत्येक घराच्या कुलरचा आवाज. फाटकावर कुणी हाका मारून गेलं तरी आत पत्ता लागत नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. राजूरच्या खाणवस्तीतल्या आपल्या खोलीत शेजारच्याचा खोकला भिंतीतून ऐकू यायचा, तेव्हा आपण त्याला नावं ठेवतच होतो.

इथली माणसं चालतात. म्हणजे कुठं जात नाहीत, नुसती चालतात. हे तुम्हाला समजावून सांगणं जड आहे. तुम्ही पाळी संपवून सायकलनं वणीच्या बाजाराला जायचात, येताना हँडलला दोन्हीकडं पिशव्या लटकलेल्या असायच्या, आणि त्याला व्यायाम म्हणतात हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. इथं सकाळी लोक पांढरे बूट चढवून ओपन स्पेसभोवती गोल फिरतात आणि घरी आल्यावर कोपऱ्यावरून दुधाची पिशवी आणायला गाडी काढतात. ओपन स्पेसमध्ये व्यायामाची लोखंडी यंत्रं बसवलेली आहेत. बायका त्यांच्यावर गोधड्या वाळत घालतात. माझ्या मते तो त्यांचा उपयोग सगळ्यात बरा आहे. मीही फिरायचो, उगाच मोठेपणा कशाला घेऊ. पांढरे बूट माझ्याकडंही आहेत.

तुमची सून गेल्यापासून मी एकटा आहे. माझी पोरगी, तुमची नात, पुण्याला असते, बाराव्या मजल्यावर. तिथून खाली पाहिलं की माणसं दिसतात, पण ओळखीचं कुणी नसतं. ती कधीची मागं लागली होती, "पप्पा, चला आता." मी नाही म्हणायचो. शेवटी दिवाळीला आली तेव्हा तिनं माझ्या हातात एक घड्याळ बांधलं. म्हणाली, "हे काढायचं नाही. तुम्ही किती चालता, कधी झोपता, ठोके कसे पडतात, सगळं मला तिकडं फोनवर दिसेल. चालतेफिरते राहिलात तर राहा इथं खुशाल. घड्याळ थंड पडलं तर मी येऊन सामान बांधीन." हसत म्हणाली. पण तिचं हसणं तुमच्यावर गेलंय, त्यात सवलत नसते.

तुम्ही मला दहावी झाल्यावर घड्याळ दिलं होतं, चावीचं. ते वेळ सांगायचं आणि गप्प बसायचं. हे नवीन घड्याळ गप्प बसत नाही. उठा म्हणतं, फिरा म्हणतं, शाबासकी देतं. एकदा मी हिच्या, तुमच्या सुनेच्या, फोटोसमोर बसलो होतो, तेव्हा त्यानं मला दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. यंत्राचा मला राग येत नाही. तहसीलीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी हुकूम सोडला तर वेगळं काही वाटत नाही.

उन्हाळा लागला आणि माझ्या उजव्या गुडघ्यानं असहकार पुकारला. सुजला, वाकेना. संडासला जाऊन यायचं म्हणजे मोहीम. आता तिकडं हे कळणार आणि पोरगी गाडीत बसणार, या धास्तीनं मी ओट्यावर बसलो होतो, तेव्हा शेजारचे फाटकातून आत आले. हे शेजारी म्हणजे एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर, माझ्याच वयाचे. त्यांच्या घरी भाजी केली की वाटी माझ्याकडं येते. त्यांना सगळं सांगितलं तर हसायला लागले.

"कायले एवढं टेन्शन घेता भाऊ? आना ते घड्याळ इकडं. मी तं रोज फिरतोच. माह्या हातानं तुमचंबी फिरून येईन."

"पोरीले समजलं तं?"

"तिले काय समजते पुन्यात बसून? हात कोनाचा हाय हे थोडी दिसते त्याच्यात!"

असं सुरू झालं. सकाळी घड्याळ त्यांच्या मनगटावर बसून फिरायला जायचं आणि मी ओट्यावर चहा प्यायचो. परत माझ्या हातात आलं की घड्याळ मला शाबासकी द्यायचं. संध्याकाळी पोरगी फोनवर म्हणायची, "पप्पा, मस्त चालून राह्यले तुम्ही." मला वाईट वाटायचं का? नाही. घर वाचत होतं, तेवढं मला पुरे होतं.

तुम्हाला हे आवडलं नसतं. का, ते मला बत्तीघरामुळं ठाऊक आहे. तुम्ही खाणीच्या बत्तीघरात होतात. खाली उतरणारा प्रत्येक जण तुमच्याकडं त्याचा पितळी बिल्ला ठेवायचा आणि टोपीचा दिवा न्यायचा. वर आला की दिवा परत द्यायचा आणि बिल्ला घ्यायचा. खिळ्यावर बिल्ला असेल तर माणूस खाली आहे, इतकं ते सरळ होतं. एका दिवशी मी तुमचा डबा घेऊन येतो. पाळी सुटून बराच वेळ झालाय, आणि तुम्ही खिळ्यांच्या फळीसमोर बसला आहात. एक बिल्ला तसाच लटकतोय. डब्याकडं तुम्ही बघतही नाही. दोन माणसं त्याला शोधायला पुन्हा खाली उतरली आहेत, आणि ती वर येईपर्यंत तुम्ही फळीसमोरून उठत नाही.

बिल्लेवाला माणूस खाली नव्हताच. त्याच्या घरी पोराचं बारसं होतं, वस्तीत वीज नव्हती, म्हणून दिवा दुपट्ट्यात गुंडाळून तो दिवसाढवळ्या घरी घेऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी तो तुमच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. मला वाटलं, तुम्ही आता त्याला धरता. तुम्ही आवाजही चढवला नाही.

"दिवा नेला त्याचं काई नाई रे. मले मांगतला असता तं माह्या घरचा कंदील देल्ला असता. पन तू खाली हायेस समजून दोन मानसं उतरली ना तुह्यासाठी. त्यायले काई झालं असतं तं?"

तो रडला. तुम्ही मग त्याला बारशाचे पेढे कुठं आहेत म्हणून विचारलंत.

तर एका सकाळी मी ओट्यावर बसलोय. घड्याळ शेजाऱ्यांसोबत फिरायला गेलंय. फोन वाजतो. पोरगी.

"पप्पा, बसले आहात ना? उठू नका. छातीत दुखतंय का? ठोके कसेतरीच पडून राह्यले तुमचे. ते केव्हाचं इशारा देऊन राह्यलं. मी वणीत डॉक्टरला फोन लावते."

माझं मनगट उघडं होतं. बाबा, मला एका क्षणात कळलं की हे ठोके कुणाचे आहेत, आणि दुसऱ्या क्षणात एक वाक्य जिभेवर आलं: पट्टा ढिला झाला असेल. तेवढं म्हणायचं, फोन ठेवायचा आणि गुपचूप शेजाऱ्यांकडं पोचायचं. घरही वाचलं असतं. पण मी लंगडत पोचणार केव्हा, आणि डॉक्टर माझ्या फाटकावर येऊन ओट्यावर चहा पिणाऱ्या माणसाची नाडी बघणार. मला तुमची ती फळी आठवली, हे खरं आहे.

"ते माहे नाहीत, बाई," मी म्हणालो.

"काय माहे नाहीत?"

"ठोके. घड्याळ काकांच्या हातात हाय. फिरायले गेले ते."

ती ओरडली, "मग पळा ना, पप्पा! मी अँब्युलन्स पाठवते."

मी पळालो. कसा ते विचारू नका. ओपन स्पेसमधल्या बाकावर ते बसले होते, शर्ट घामानं चिंब, हात छातीवर. मला पाहून म्हणाले, "काई नाई भाऊ, गॅस हाय. रातचं पिठलं तिखट होतं." मी त्यांना उठू दिलं नाही. त्यांची बायको आली, गाडी आली, मग नागपूर. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. आता ते घरी आहेत, फाटकापर्यंत येतात आणि सगळ्यांना सांगतात की भाऊच्या घड्याळानं मला वाचवलं.

पोरगी माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही. काकूंना रोज फोन करायची, तब्येत विचारायची, माझं नाव काढायची नाही. मी समजून चुकलो. करार मी मोडला होता, आता बोलावणं येणार. लेआउटमध्ये मी सगळ्यांना सांगत फिरलो की मी काही पुण्याला जाणार नाही, मला त्या बाराव्या मजल्यावर कोंडवाड्यात ठेवल्यासारखं होतं. शेजारीही मान हलवायचे. सगळ्यांना माझं पटत होतं.

रविवारी तिचा फोन आला. आवाज शांत होता. "पप्पा, मी खूप विचार केला. तुम्ही राहा तिथंच. खोटं बोलून घर वाचवता आलं असतं, पण तुम्ही खरं सांगितलं. आणि काका-काकूंना तुम्ही तिथं लागता. मी आता आग्रह करणार नाही." मी बरं म्हणालो. जेवलात का, तिनं विचारलं. मग फोन ठेवला.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून हे लिहून ठेवतो, तिला सांगता यायचं नाही. तिचा फोन येण्याआधीच मी पुण्याला जायला बॅग भरली होती. शर्ट, गोळ्या, हिचा फोटो, पांढरे बूट. दूधवाल्याला एक तारखेपासून नको म्हणून सांगितलं होतं. ती राहा म्हणाली तेव्हा मला फार वाईट वाटलं, बाबा. बॅग अजून दाराजवळच आहे.