रविवारची साक्ष

फ्लॅट बुश, ऑकलंड
२६ फेब्रुवारी २००७

प्रिय सुलेखाताई,

तुला आणि दाजींना प्रभूमध्ये सलाम. आम्ही बरे आहोत. इथला उन्हाळा सरत आलाय. तुझ्या भावजयीने, स्नेहलने, मागच्या अंगणात लावलेली मेथी यंदा चांगली आली. दाजींची साखर आता कशी आहे?

तू फोनवर म्हणालीस, नगरच्या चर्चच्या मंडळीत मी वाचलो म्हणून देवाची उपकारस्तुती झाली. मी काहीच बोललो नाही, तुला वाटलं लाइन तुटली. तुटली नव्हती, ताई.

मी बुडता बुडता वाचलो एवढंच तुला सांगितलं होतं. काळ्या वाळूच्या बीचवर गेलो होतो, प्रवाहाने मला आत ओढलं, मी प्रभूला हाक मारली आणि लाइफगार्डनी बोटीत घेतलं. यातलं खोटं काही नाही. पण माझ्यामागे चंद्रहासही पाण्यात उतरला होता.

माझ्या ऑफिसातला, पुण्याचा. आम्ही नवीन आलो तेव्हा महिनाभर ज्याच्या घरी राहिलो, तो. गणपतीला आम्ही त्यांच्याकडे, नाताळला ते आमच्याकडे. मी आत जातोय हे बघून तो बॉडीबोर्ड, लाटांवर तरंगायची फळी, घेऊन आला. ती माझ्याकडे ढकलली आणि म्हणाला, "घट्ट धर, सोडू नको." पुढची लाट आली आणि तो दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी खडकांपाशी सापडला.

तेव्हापासून मला प्रार्थना करता येत नाही. डोळे मिटले की पाणीच येतं. जेवणाआधी स्नेहल एकटीच प्रार्थना करते, मी ताटाकडे बघत बसतो. लहानपणापासून ज्याच्याशी घरच्यासारखं बोललो, त्या प्रभूची आता भीती वाटते. त्याने ऐकलं नसतं तर मी भांडलो असतो. पण त्याने माझं ऐकलं, आणि माझ्या हाताच्या अंतरावरच्या माणसाला जाऊ दिलं. उद्या स्नेहलसाठी काही मागितलं, तर कोणाला जाऊ देईल?

काल चर्चमध्ये माझी साक्ष होती. पाळकांनी प्रेमाने पुढे बोलावलं. उभा राहिलो, तर मागच्या बाकावर विभावरीवहिनी. चंद्रहासची बायको. देवाने मला वाचवलं, एवढंच म्हणायचं होतं. त्यांच्यासमोर ते म्हणवेना. न बोलता खाली बसलो.

बाहेर पार्किंगमध्ये त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या.

"तू काय म्हणतोस ते ऐकायला आले होते," त्या म्हणाल्या.

"मला जमलं नाही, वहिनी."

"तुझं तुझ्या देवाशी बोलणं असतं ना? मग विचार त्याला. चंद्रहासनेही शेवटी कोणाला तरी हाक मारली असेल. ती ऐकली का, विचार."

"मला भीती वाटते."

"मलाही वाटते. म्हणून तर एकटीने विचारत नाही."

आम्ही त्यांच्या गाडीत बसलो. स्नेहल मागे बसली. मी डोळे मिटले नाहीत, समोरच्या काचेकडे बघत म्हणालो, "प्रभू, चंद्रहासची हाक तुला ऐकू आली का? मला तुझी फार भीती वाटते." उत्तर आलं नाही.

वहिनींनी विचारलं, "आता शेवटी तुम्ही लोक काय म्हणता?"

"आमेन."

"ते नको म्हणू. माझं विचारून झालेलं नाही."

मी म्हटलं नाही. बुधवारी त्या आमच्याकडे येणार आहेत. पुन्हा विचारायचं म्हणाल्या.

ताई, पुढच्या रविवारी मंडळीला सांग, पाण्यात दोघं होते. दुसऱ्याचं नाव चंद्रहास. त्याच्या बायकोसाठी प्रार्थना करा. माझ्यासाठी करशील तेव्हा मी धीट व्हावं असं मागू नकोस. मी पळून जाऊ नये, एवढंच माग.

भ्यायलेला, पण अजून त्याच्याच दाराशी असलेला,
तुझा धैर्यशील