कापसाच्या ढिगातला खड्डा

हदगाव. सोमवार, दिवेलागण.

धाकटे दीर आज म्हणाले, "वहिनी, कापूस आता देऊन टाकू. उद्या गाडी येती." मी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

भाव येईल म्हणून ठेवलेला तो ढीग माजघरात तसाच आहे. कडेला कापूस ओढल्याचा खड्डाही. यांच्या नाकातून रक्त आलं, तेव्हा यांनी स्वतःच तिथून मूठभर घेतला, दोन्ही नाकपुड्यांत कोंबला आणि हसले. "घरात एवढा कापूस हाय, दवाखाना कशाला?" मग उताणे पडून राहिले. रक्त दिसेना, म्हणून थांबलं असं वाटलं. ते आत घशात उतरत होतं. त्यात हृदयासाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. नांदेडला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

डॉक्टर म्हणाले, बसवून पुढं वाकवायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत दाबून धरायचा आणि लगेच आणायचं. आत पट्टी भरायची ती आम्ही डॉक्टरांनी, घशात बघून. समजलं. आता समजून काय करू?

भेटायला येणाऱ्या बाया म्हणतात, "कापूस लावला व्हता नं? मग तुमी काय कमी केलं न्हाई."

तो खड्डा एका मुठीचा नाही. यांना शेवटचं घराबाहेर नेण्याआधी नाकात घालायला कुणीतरी पुन्हा तिथूनच कापूस घेतला. मी बघत होते.

उद्या गाडी भरली की खड्डा कुठे होता, तेही कळणार नाही.