सत्यभामाबाईचा डबा

कुंदाचे बाबा,

लई दिवसांनी या नावानं हाक मारली. जरा बसा अन् ही चिठ्ठी कीर्तनात बसल्यासारखी शेवटपर्यंत वाचा. आरतीआधी उठायचं नाही. लहानशीच कथा आहे.

फॅक्टरीच्या क्वार्टरवाल्या पोरांचे डबे बांधून ओट्यावर ठेवले आहेत, ते लुनावर घेऊन जा. सत्यभामाबाईचा डबा मी पायीच नेऊन राहिली. पेट्रोल महागल्यापासून तिच्या गावाचा फेरा तोट्यात जातो, तुमचा हिशोब खरा आहे. काल तुम्ही म्हणाले, "तिच्या डब्याच्या पैशात लुना जाते, पण परत येत नाही. उद्यापासून बंद!"

पण कुंदा तापात होती अन् तुम्ही फॅक्टरीत ड्युटीवर, तेव्हा तिले मांडीवर घेऊन चमच्यानं पेज पाजणारी हीच बाई होती. पोरीनं शेवटचा घोट तिच्याच हातून घेतला. आता त्या म्हातारीले डोळ्यांनी चूलही दिसत नाही.

मले उशीर झाला तर वरण गरम करून जेवून घ्या. माझ्यावर रागावले तरी चालेल. फक्त पहिला घास उचलताना आपल्या कुंदाले आठवा.